साइड मिरर गरम होत होता, तरी मागचं दिसत नव्हतं: एका तक्रारीचा तपास

गाडी सहा-सात वर्षं वापरातली सेडान. दोन्ही साइड मिररना कारखान्यातूनच हीटर बसवलेला. चालवणाऱ्या ताईंना थंडीच्या दिवसांत उजाडायच्या आत कामावर निघावं लागतं आणि गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी होती: "बटण दाबते, त्यावरचा दिवा लागतो, पण पलीकडचा आरसा कधीच साफ होत नाही. माझ्या बाजूचा कधी होतो, कधी नाही. हाताने पुसला की दोन मिनिटांत पुन्हा तेच."

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. एका ठिकाणी फ्यूज बदलून दिला. दुसऱ्या ठिकाणी पलीकडचा अख्खा आरसा, म्हणजे मोटर, कव्हर, इंडिकेटर असं सगळंच बदलायला सांगितलं. त्या खर्चाला त्या तयार नव्हत्या, आणि ते बरंच झालं.

मी वाहनांच्या वायरिंगची कामं करतो. थंडी पडली की अशा तक्रारी येतातच. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की एका तक्रारीत तीन वेगवेगळी कारणं एकमेकांत गुंतली होती, आणि त्यातलं खरंखुरं बिघाड म्हणावं असं एकच होतं.

आधी हा हीटर काय असतो ते

आरशाच्या काचेमागे एक पातळ फिल्म चिकटवलेली असते. प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूची नागमोडी रेघ किंवा कार्बनच्या शाईचा थर, आणि मागे दोन चपट्या पिना. या पिनांना दोन वायरी लागतात. वीज वाहते, रेघ तापते, तिच्यामुळे काच तापते. काही फिल्म अशा पदार्थाच्या असतात की तापमान वाढलं की त्यांचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळाही वाढतो आणि करंट आपोआप कमी होतो, त्यामुळे त्या फार तापत नाहीत.

ताकद फारशी नसते. एका आरशाला साधारण १० ते २० वॉट. मागच्या काचेवरच्या आडव्या रेघांना याच्या कितीतरी पट वीज लागते, बहुतेक गाड्यांत १५० वॉटच्या वर. तरीही पुष्कळ गाड्यांत आरसे आणि मागची काच एकाच बटणावर चालतात. बटणावर मागच्या काचेचं चिन्ह असतं, एक चौकट आणि तिच्यात वर जाणाऱ्या तीन लहरी, त्यामुळे याच बटणाने आरसेही तापतात हे अनेकांना वर्षानुवर्षं कळत नाही. काही गाड्यांत बटण वेगळं असतं, काहींत आरसा हलवायची गोल खुंटी एका ठरावीक खुणेवर फिरवावी लागते. काही गाड्या बाहेरचं तापमान उतरलं की आपणहून हीटर सुरू करतात. ताईंच्या गाडीत एकच बटण होतं आणि इंजिन चालू असल्याशिवाय ते काम करत नव्हतं.

एवढ्या विजेत होतं किती?

तपासाआधी हा हिशोब डोक्यात असलेला बरा, नाहीतर चांगला चालणारा हीटरही बिघडलेला वाटतो.

आरशाची काच १८ बाय १२ सेंटिमीटर आणि जाडी २ मिलिमीटर धरू. तिचं वजन १०० ग्रॅमपेक्षा थोडंसं जास्त भरतं. ती १० अंशांनी तापवायला सुमारे ९०० जूल ऊर्जा लागते. हीटर १५ वॉटचा असेल, तर हे काम एका मिनिटाचं. प्रत्यक्षात मागची प्लास्टिकची प्लेटही तापते आणि थोडी उष्णता हवेत जाते, म्हणून दोन मिनिटं धरा. उभ्या गाडीत, वारा नसताना, काच बाहेरच्या हवेपेक्षा २५-३० अंश गरम होऊ शकते. गाडी धावू लागली की वारा उष्णता ओढून नेतो आणि हा फरक निम्म्यावर येतो.

आता पाणी. त्याच काचेवर २ ग्रॅम पाणी थेंबांच्या रूपात बसलं असेल, तर तेवढ्याची वाफ करायला जवळजवळ ४,९०० जूल लागतात. म्हणजे हीटरची सगळीच्या सगळी उष्णता पाण्यातच गेली असं मानलं तरी साडेपाच मिनिटं. ती सगळी पाण्यात कधीच जात नाही, त्यामुळे दहा मिनिटंही लागू शकतात. पाऊस पडत असेल तर वरून नवे थेंब येतच राहतात आणि हीटर त्यांच्या मागे धावत राहतो. पावसात आरसा कोरडा ठेवण्याएवढी त्याची ताकदच नाही.

दवाचं गणित मात्र वेगळं आहे. हवा ८ अंशांची आणि आर्द्रता ९५ टक्के असेल, तर काच सुमारे ७ अंशांखाली गेली की तिच्यावर पाणी धरतं. निरभ्र रात्री उघड्यावरची काच आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही दोन-चार अंश गार होते. दव पडतं ते यामुळे. आता या काचेचं तापमान चार-पाच अंशांनी वर नेलं की नवं दव धरणं थांबतं, आणि एवढं १५ वॉटचा हीटर सहज करतो. आधीच बसलेले जाड थेंब उडवणं हेच त्याला जड जातं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की मऊ कापडाने आधी आरसा पुसा आणि मग हीटर लावा. बरेचजण उलटं करतात. हीटर लावून काचेकडे बघत बसतात आणि शेवटी कंटाळून हाताने पुसतात, तेव्हा तळव्याचा तेलकटपणा काचेवर उरतो आणि पुढच्या वेळी त्यावर बाष्प आणखी विचित्र धरतं.

बर्फाच्या बाबतीत हीटरला एक फायदा मिळतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा बर्फाचा थर सुमारे १० ग्रॅमचा असतो. शून्य अंशाला आलेला असेल, तर तो सगळा वितळवायला ३,३०० जूल, म्हणजे पावणेचार मिनिटं आणि वर उष्णता वाया जाते ती. पण सगळा वितळायची गरजच नसते. काचेला टेकलेला पापुद्रा आधी सुटतो आणि वरचा थर घसरून पडतो. तिथे धातूच्या खरवडणीने घासणं किंवा गरम पाणी ओतणं हा शुद्ध आततायीपणा. काच तडकते, आणि ओतलेलं पाणी आरशाच्या सांध्यात जाऊन पुन्हा गोठतं ते वेगळंच.

तपासणी

पहिला प्रश्न मी ताईंना विचारला तो पुसण्याबद्दल. पुसल्यावर दोन मिनिटांत पुन्हा धूसर होतो, याचा अर्थ काच अजूनही दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाखाली तिच्यावर पाणी धरतं त्याच्या, खालीच आहे. म्हणजे पलीकडच्या आरशाला उष्णता मिळतच नव्हती, किंवा मिळत असली तरी नावापुरती. पुसल्यावर तो स्वच्छ राहिला असता, तर हीटर ठीक आहे आणि फक्त थेंब जाड होते असा अंदाज बांधता आला असता. एवढ्याशा माहितीवर निम्मा तपास होतो, पण आधीच्या दोन्ही ठिकाणी तो प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

दुसरी गोष्ट फ्यूजची. या गाडीत दोन्ही आरशांच्या हीटरना मिळून एकच फ्यूज आहे. चालकाकडचा आरसा कधीकधी का होईना साफ होतो, म्हणजे तो तापतो, म्हणजे फ्यूज आणि रिले (बटण दाबल्यावर हीटरची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) दोन्ही शाबूत आहेत. फ्यूज बदलण्यात काही अर्थच नव्हता. हे कळायला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज-रोध मोजायचं यंत्रही लागत नाही, वायरिंगचा नकाशा पाहिला की पुरे. आता, काही गाड्यांत दोन आरशांना दोन फ्यूज असतात हे खरं, त्यामुळे नकाशा न बघता छातीठोकपणे सांगू नये.

मग इंजिन चालू केलं, बटण दाबलं आणि दोन-तीन मिनिटांनी दोन्ही आरशांना हाताची मागची बाजू लावून पाहिली. चालकाकडचा स्पष्ट कोमट. पलीकडचा थंडगार.

इथे एक सूचना. तापमान दुरून मोजणारं पिस्तुलासारखं यंत्र आता स्वस्तात मिळतं आणि लोक ते आरशावर रोखतात. गाडीच्या अनेक आरशांत चकाकणारा थर काचेच्या मागे न देता पुढच्या बाजूलाच दिलेला असतो. अशा आरशावर ते यंत्र काचेचं तापमान न दाखवता काचेत प्रतिबिंबित झालेल्या वस्तूचं, बऱ्याचदा मोजणाऱ्याचंच तापमान दाखवतं. मोजायचंच असेल तर काचेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवावा, थोडं थांबावं आणि त्या टेपवर मोजावं. बाकी कामाला हात पुरतो.

चालकाकडच्या आरशावर तोंडाची वाफ सोडून पाहिली. मधला भाग आधी उघडला, कडा मागे राहिल्या. हे नेहमीचंच. फिल्म काचेच्या अगदी कडेपर्यंत जात नाही, त्यामुळे कडेची बोटभर पट्टी उशिरा साफ होते. मधेच एखादा पट्टा धूसर राहिला असता, तर फिल्मची रेघ तिथे तुटली आहे किंवा फिल्म काचेपासून सुटली आहे असा संशय घेता आला असता. तसं काही नव्हतं.

काच काढल्यावर

पलीकडच्या आरशाची काच काढायची ठरवली. बहुतेक गाड्यांत ती मागच्या मोटरच्या प्लेटवर क्लिपांनी बसवलेली असते. एक कड आत दाबून समोरच्या कडेला फट करायची आणि प्लास्टिकची पाचर घालून हळूहळू सोडवायची. थंडीत हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि क्लिप चटकन तुटतात, म्हणून आधी ड्रायरने कडा जरा गरम करून घेतल्या. हातमोजे आणि चष्मा घातलेला होता, कारण काच तुटली तर ती तोंडाच्याच उंचीवर तुटते.

काच निघाली आणि कारण समोरच होतं. मागे फिल्मच नव्हती. दोन वायरी मोकळ्या लोंबत होत्या, आणि कुणीतरी त्यांच्या टोकांना व्यवस्थित टेप गुंडाळून ठेवली होती.

ताईंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. वर्षभरापूर्वी एका दुचाकीचं हँडल लागून ही काच तडकली होती. तेव्हा बदलून दिलेली काच आकाराने तंतोतंत तीच होती, फक्त साधी, हीटर नसलेली. एकाच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीत हीटर नसतो आणि महाग आवृत्तीत असतो, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या काचा बाजारात असतात आणि दोन्ही त्याच क्लिपांवर बसतात. काम करणाऱ्याला फरक कळला होता हे त्या टेपवरून दिसतंच. त्याने वायरी एकमेकींना टेकू नयेत एवढी काळजी घेतली, पण गाडीमालकाला सांगायची तसदी घेतली नाही. काच उन्हाळ्यात बदलली होती. थंडी येईपर्यंत कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, आणि थंडी आली तेव्हा हँडल लागल्याची गोष्ट विस्मरणात गेली होती.

एवढ्यावर थांबून नवी काच मागवता आली असती. पण त्या वायरी वर्षभर रिकाम्या होत्या आणि आरसा रोज मिटतो-उघडतो. आरसा दुमडतो त्या बिजागरीतून वायरींचा जुडगा जातो आणि वारंवार वाकून आतले तार एकेक करून तुटत जातात. म्हणून वायरीही तपासायला हव्या होत्या.

इथे मल्टिमीटर फसवतो. वायरीतला एकच तार शाबूत असला तरी मीटर पूर्ण १४ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. खरा हीटर जोडला, सव्वा-दीड अँपिअर करंट ओढला गेला, की तोच व्होल्टेज कोसळतो. म्हणून मी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब त्या दोन वायरींना जोडला. त्याचा करंट हीटरच्या करंटच्या आसपासच असतो. बल्ब लख्ख पेटला. आरसा हाताने दोन-तीनदा मिटवला-उघडला, वायरी हलवल्या, प्रकाश जराही लवला नाही. वायरिंग निर्धोक.

चालकाकडची काचही त्याच बैठकीत काढून फिल्मचा रोध मोजला. ११ ओहम आला. १४ व्होल्टला त्याचे होतात साधारण १८ वॉट. तब्येत उत्तम. काचेच्या खालच्या कडेला मात्र चकाकीवर काळपट ठिपके धरायला लागले होते. ओलावा कडेतून आत शिरला की असं होतं. अजून तरी दृष्टीच्या आड येत नव्हते.

कोणती काच बसवायची

दोन मार्ग होते. एक, हीटरसह आलेली तयार काच. दोन, आहे त्याच साध्या काचेमागे बाजारात सुटी मिळणारी हीटरची फिल्म चिकटवणं.

सुट्या फिल्मबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ती सगळ्या आरशांना बसावी म्हणून एका ठरावीक मापाची असते, आणि जास्तीची बाजू कापायला गेलं तर आतली रेघच कापली जाते. लहान माप घेतलं तर काचेचा मधलाच तुकडा तापतो. गोंद नीट बसला नाही आणि मधे हवेचा फुगा राहिला, तर फिल्म त्या जागी नको तेवढी तापते, कारण तिची उष्णता काचेत उतरतच नाही. शिवाय आरशाच्या प्लेटवरून जुनी काच न मोडता सोडवणं हे सुद्धा नशिबाचं काम. ज्या गाडीला हीटरची काच मिळतच नाही, तिथे ही फिल्म ठीक. इथे कारखान्याची वायरिंग तयार होती आणि काचही उपलब्ध होती.

तयार काच मागवताना तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. मागच्या पिना किती ते पाहायचं. दोन असतील तर फक्त हीटर. रात्री मागच्या गाडीच्या प्रकाशात आपोआप काळवंडणारा आरसा असेल तर आणखी दोन. बाजूच्या गाडीचा इशारा देणारा दिवा काचेत असेल तर त्याच्याही वेगळ्या. दुसरं, काचेचा बाक. बाहेरून फुगीर काच जास्त रस्ता दाखवते पण मागची गाडी लांब भासवते. बाक वेगळा निघाला तर वर्षानुवर्षांचा अंतराचा अंदाज एका दिवसात चुकायला लागतो, आणि स्वस्त बदली काचेत ही गफलत होते. तिसरं, पिनांची रुंदी, नाहीतर टर्मिनल, म्हणजे वायरीच्या टोकाची पिनेवर बसणारी धातूची पकड, सैल बसतं आणि काही महिन्यांत गळून पडतं. चॅसी नंबर देऊन मागवली की तिन्ही कटकटी मिटतात.

काच आली, टर्मिनल घट्ट बसवली, क्लिपा दाबल्या, बटण लावलं. दोन मिनिटांत दोन्ही आरसे सारखेच कोमट. गाडी दिली.

पुन्हा फोन

काही दिवसांनी ताईंचा फोन. "दादा, पलीकडचा आता एकदम स्वच्छ. पण माझ्या बाजूचं अजूनही तसंच आहे. निघताना दिसतं, अर्ध्या वाटेत दिसेनासं होतं."

अर्ध्या वाटेत, हा धागा महत्त्वाचा होता. त्यांचा प्रवास चाळीसेक मिनिटांचा. या गाडीतला टायमर सुमारे पंधरा मिनिटांनी हीटर बंद करतो. बटणावरचा दिवा विझतो, पण गाडी चालवताना तिकडे कोण बघतं? धुक्यातून जाताना काच पुन्हा गार होते आणि पुन्हा दव धरते. पण मग दोन्ही आरसे धूसर व्हायला हवेत. पलीकडचा स्वच्छ आणि जवळचा धूसर, हे टायमरने पटत नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, "उद्या असं झालं की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि तुमच्या दाराची काच खाली करून आरशाकडे बघा." दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला: काच खाली केल्यावर आरसा लख्ख दिसतो.

म्हणजे धूसर होती ती दाराची काच, आतल्या बाजूने. आपण आरसा नेहमी दाराच्या काचेतूनच पाहतो, आणि अंधारात बाष्प नेमकं कुठल्या काचेवर आहे हे डोळ्यांना कळत नाही. समोरची काच धूसर झाली तर लगेच ओळखू येते. दाराच्या काचेचा आरशासमोरचा कोपरा तळहाताएवढा असतो आणि तिकडे नजर आरशापुरतीच जाते.

पण त्यांच्याच बाजूला का? गाडी पुन्हा आणून पाहिली. डॅशबोर्डच्या टोकाचा हवेचा झरोका, चालकाकडचा, घट्ट बंद केलेला. "हातावर गार हवा येते म्हणून बंद ठेवते." बऱ्याच गाड्यांत दाराच्या काचेचा तो कोपरा मोकळा ठेवण्याचं काम याच झरोक्याकडे असतं. पलीकडचा झरोका उघडा होता, म्हणून तिकडची काच त्या मानाने स्वच्छ. शिवाय हवा आतल्या आत फिरवायचं रिसर्क्युलेशनचं बटण कायम चालू, एसी बंद, आणि पायाखालचे गालिचे दमट.

बसल्या जागी एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. गाडीच्या आत तीनेक घनमीटर हवा असते. १० अंशांना एक घनमीटर हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे सगळ्या केबिनला मिळून अठ्ठावीसेक ग्रॅम. हवा बाहेर जायला वाटच ठेवली नाही तर एकटा चालकही तासाच्या आत ती हद्द गाठतो, आणि त्याच्या कितीतरी आधी थंड काचेवर पाणी दिसू लागतं. दमट गालिचा असेल तर आणखी लवकर.

उपाय फुकटचा. रिसर्क्युलेशन बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची, टोकाचा झरोका उघडून दाराच्या काचेकडे वळवायचा, हवा गरमवर ठेवून एसीही चालू करायचा. थंडीत एसी म्हटल्यावर त्या हसल्या. पण एसीचं खरं उपयोगाचं काम इथे हवा कोरडी करणं हे आहे. गार नळ्यांवर बाष्प पाणी होऊन गळून जातं आणि मग तीच हवा हीटरमधून गरम होऊन येते. तापमान शून्याच्या जवळ गेलं की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप बंद राहतो. तेव्हा त्याची गरजही उरत नाही, कारण इतक्या थंड बाहेरच्या हवेत मुळातच बाष्प थोडं असतं आणि ती आत येऊन तापली की चांगलीच कोरडी होते.

दमट, उकाड्याच्या दिवसांत हीच गोष्ट उलटी होते. आत एसीने काच गार, बाहेर ओली हवा, आणि बाष्प दाराच्या काचेच्या बाहेरच्या बाजूला. तेव्हाही लोक आरशाचा हीटर लावतात आणि तो चालत नाही म्हणून वैतागतात. तिथे झरोका काचेवरून दुसरीकडे वळवायचा आणि आतलं तापमान थोडं वाढवायचं.

टायमर काढून टाकता येईल का?

ताईंचा शेवटचा प्रश्न हा होता. जाड धुक्यात दर पंधरा मिनिटांनी बटण दाबणं त्यांना पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ती रचना कंजूषपणाची वाटते. टायमर आहे तो मुख्यतः मागच्या काचेसाठी. तिचा भार मोठा, बॅटरी आणि अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, सतत ठेवण्यासारखा नाही. आरशांचे दोन्ही मिळून तीस-पस्तीस वॉट त्यापुढे किरकोळ. केवळ एका रिलेवर बांधल्यामुळे आरसेही मागच्या काचेबरोबर बंद होतात. वेगळा रिले देणं कारखान्याला अवघड नव्हतं.

तरी मी टायमर काढायला नकार दिला. रिले कायम चालू ठेवला तर मागच्या काचेचा भारही कायम राहील. फक्त आरशांना वेगळा रिले आणि फ्यूज लावता येतो, पण ही गाडी बॅटरीची स्थिती बघून असे भार स्वतः कमी-जास्त करते, आणि बाहेरून जोडलेला भार तिच्या हिशोबात बसत नाही. शिवाय विसरलेला हीटर उभ्या गाडीत, उन्हात, तासन्‌तास तापत राहिला तर गोंद सुटतो. बटण पुन्हा दाबणं हाच सोपा मार्ग. काही गाड्यांत दुसऱ्यांदा दाबल्यावर मिळणारा वेळ पहिल्यापेक्षा कमी असतो. या गाडीत तो पुन्हा तेवढाच मिळतो हे दाबून, घड्याळ लावून पाहिलं.

झरोका उघडल्यावर धुक्याच्या दिवशीही एकदा, फार तर दोनदा बटण दाबून त्यांचं भागतं असं त्या सांगतात. बिलावर काचेच्या नावापुढे मी "हीटरसह, दोन पिना" असं लिहून दिलं आणि चॅसी नंबरही टाकला. चालकाकडच्या काचेवरचे ते काळे ठिपके वाढले की तीही कधीतरी बदलावी लागेल, आणि ती बदलणारा मीच असेन असं नाही.